जठरावरच्या शस्त्रक्रियेत ठोके का घसरतात, का धावतात: जनुकांचा वाटा किती?

जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करतात तेव्हा पहिला कसोटीचा क्षण कापाकापी सुरू होण्याआधीच येतो. बेंबीजवळच्या छिद्रातून पोटात कार्बन डायऑक्साइड सोडतात, पोट नगाऱ्यासारखं ताणलं जातं आणि एखाद्या रुग्णात मॉनिटरवरचा ७८ चा आकडा ६०, ५०, ४० असा उतरू लागतो. पल्स ऑक्सिमीटरच्या दोन टिकटिकींमधलं अंतर वाढतं आणि भूलतज्ज्ञाला ते पडद्याकडे न बघताही कळतं. इलाज ठरलेला आहे: गॅस बंद करायचा, आत गेलेला सोडून द्यायचा आणि तरीही ठोके वर येत नसतील तर ठोके वाढवणारं अॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून द्यायचं. ठोके सावरले की गॅस पुन्हा सुरू करतात, पण सावकाश, मिनिटाला लिटर-दीड लिटर या वेगानं आणि दाब पाऱ्याच्या १२ मिलिमीटरच्या आसपास ठेवून.

त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या दुसऱ्या रुग्णात हेच सगळं होतं आणि ठोके जागचे हलत नाहीत. हा फरक जन्मजात असतो का?

हृदयाचे ठोके सायनस नोड नावाच्या पेशींच्या एका लहानशा पुंजक्यात जन्मतात. त्याला दोन कासरे लावलेले असतात: व्हेगस मज्जातंतू मागे ओढतो, तर सिंपथेटिक मज्जातंतू आणि अॅड्रेनलिन पुढे पळवतात. पोटाचा पडदा एकदम ताणला की व्हेगसचा कासरा खेचला जातो. थोड्या वेळानं पोटातला गॅस रक्तात मुरतो, अॅड्रेनलिन वाढतं आणि ठोके उलट वाढू लागतात. जठर काढताना व्हेगसच्या पोटातल्या फांद्या बहुधा कापाव्याच लागतात. त्यानं हृदयाला धोका नाही, कारण हृदयाकडे जाणाऱ्या फांद्या मान आणि छातीतच वेगळ्या झालेल्या असतात.

या यंत्रणेचा प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या जनुकाच्या आराखड्यावर बनतो. सायनस नोडच्या पेशींना ताल देणारी विद्युतवाहिनी एचसीएन-४ या जनुकातून येते. अॅड्रेनलिनचा निरोप घेणारा बीटा-१ रिसेप्टर एडीआरबी-१ मधून येतो आणि संशोधकांचं सर्वांत जास्त लक्ष याच्यावरच आहे. या रिसेप्टरच्या साखळीतल्या ३८९ व्या जागी काहींच्यात आर्जिनिन असतं, काहींच्यात ग्लायसिन. डीएनएतल्या एका अक्षराचा हा फरक. प्रयोगशाळेत आर्जिनिनवाला रिसेप्टर तेवढ्याच निरोपाला जास्त जोरानं प्रतिसाद देतो. म्हणून तर्क असा की, घशात नळी घालताना किंवा कातडीवर पहिला छेद घेताना अशा माणसाचे ठोके जास्त उसळतील.

तर्क सुंदर आहे, पण रुग्णात तो सरळ उतरत नाही. कारण त्या आकड्यावर एकाच वेळी बऱ्याच गोष्टींचे हात असतात. जठराच्या कर्करोगात आतल्या आत रक्त झिरपून हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. उलट्यांनी शरीर कोरडं पडलेलं आणि पोटॅशियम कमी झालेलं असतं. आतडी हाताळताना कधी चेहरा लालबुंद होतो, रक्तदाब पडतो आणि ठोके वाढतात. हा आतड्यांच्या ताणानं रक्तात उतरलेल्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्रोस्टासायक्लिनचा परिणाम असतो. भूल उथळ झाली, फेंटानिल हे वेदनाशामक कमी पडलं, रक्त गेलं, तरी आकडा वरच जातो.

शिवाय हिशेबाचाही एक सापळा आहे. समजा एखाद्या अभ्यासात जनुकांतले २० फरक तपासले आणि ठोके ५ टप्प्यांवर मोजले. झाल्या १०० तुलना. शंभरात पाच चुका चालतील ही नेहमीची पट्टी लावली तर काहीही खरं नसतानासुद्धा सरासरी ५ 'शोध' लागतात. म्हणून पाऊणशे-शंभर रुग्णांच्या अभ्यासात एखादं जनुक चमकलं, तरी दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या रुग्णांत तेच दिसेपर्यंत त्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. औषधं आणि जनुकांचा मेळ सांगणाऱ्या 'सीपिक' या आंतरराष्ट्रीय गटानं २०२४ मध्ये बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणाऱ्या, गोळ्यांबद्दल मार्गदर्शन दिलं. त्यात एडीआरबी-१ सह सहा जनुकं तपासली होती. डोस ठरवण्याची शिफारस मात्र एकाच जोडीबद्दल केली: सीवायपी-२डी-६ आणि मेटोप्रोलॉल.

ही जोडी नीट समजून घेण्यासारखी आहे. सीवायपी-२डी-६ हे यकृतातलं विकर मेटोप्रोलॉल मोडतं. काही माणसांत त्याचं जनुक दोन्ही प्रतींत निकामी असतं. त्यांच्या रक्तात नेहमीच्याच गोळीची पातळी कित्येक पटींनी चढते. असा रुग्ण रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेत असेल, त्यात भुलेच्या वेळी फेंटानिल पडलं आणि वर पोटात गॅस भरला, तर तीन मंदावणाऱ्या गोष्टी एकावर एक चढतात. म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची का? मुळीच नाही, एकदम थांबवली की ठोके उसळतात. आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्यानं मोठा डोस सुरू करणंही घातक आहे. २००८ च्या 'पॉइज' चाचणीत ८,३५१ रुग्ण होते. मेटोप्रोलॉलच्या गटात हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. ऑपरेशन थिएटरमध्ये ठोके आवरायला एस्मोलॉल हाताशी असतं. ते तांबड्या पेशींतल्या विकरानं मोडतं, नऊ मिनिटांत निम्मं होतं आणि सीवायपी-२डी-६ शी त्याचा काही संबंध नाही.

आता अशी दोन जनुकं, जी क्वचितच बिघडलेली असतात पण बिघडली तर जिवावर बेततात. गाठीनं जठराचं खालचं तोंड बंद झालं असेल तर पोट उपाशी राहूनही भरलेलं असतं. भूल देताना त्यातलं काही फुप्फुसात जाऊ नये म्हणून झटपट नळी घालावी लागते. त्यासाठी स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन, भूलतज्ज्ञांच्या तोंडचं 'स्कोलिन', किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम देतात. पाच-दहा मिनिटांत ते रक्तातल्या कोलिनएस्टरेज या विकरानं मोडतं. हे विकर बनवणारं बीसीएचई जनुक सदोष असेल तर स्नायू तासन् तास लुळे राहतात. आंध्र-तेलंगणात आणि मराठवाड्यातही असलेल्या आर्यवैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो. भूल उतरली, पण बोट हलवता येत नाही, अशा माणसाची घाबरगुंडी बाहेर फक्त वाढत्या ठोक्यांतून दिसते. त्यावर झोपेचं औषध चालू ठेवायचं आणि ताकद परत येईपर्यंत व्हेंटिलेटर काढायचा नाही. शंका आधीच असेल तर रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजता येतं. कीटकनाशकाच्या विषबाधेत शेतकऱ्यांची करतात तीच ही साधी तपासणी.

दुसरं जनुक आरवायआर-१. त्यात दोष असलेल्या माणसाला स्कोलिन किंवा सेव्होफ्लुरेनसारखा भुलेचा वायू दिला की स्नायू भट्टीसारखे पेटतात. ठोके धावतात, श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, ताप मात्र बहुधा उशिरा चढतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत इथेच फसगत होते, कारण पोटात तोच वायू भरलेला असल्यानं वाढीचं आयतं कारण समोर असतं. गॅस थांबवून आणि श्वास वाढवूनही आकडा उतरत नसेल, जबडा किंवा हातपाय कडक लागत असतील, भुलेच्या यंत्रावरचा, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमचा डबा हाताला चटका देण्याइतका तापला असेल, तर थांबायचं नाही. भुलेचा वायू बंद, शुद्ध ऑक्सिजन आणि यावरचा उतारा, डँट्रोलीन, किलोमागे २.५ मिलिग्रॅम.

एक गल्लत नेहमी होते. बायोप्सीच्या अहवालात 'हर-टू'सारखी जनुकांची नावं येतात, ती गाठीबद्दल असतात. ठोक्यांबद्दलची जनुकं आईवडिलांकडून आलेली, सगळ्या शरीरातली. गाठीच्या अहवालातून भूलतज्ज्ञाला त्यांबद्दल काही कळत नाही.

त्यामुळे भूलपूर्व तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या, नावं आठवत बसू नका. घरात कोणाला भूल देताना खूप ताप आला होता का, शुद्धीवर यायला किंवा श्वास परत यायला कोणाला तासन् तास लागले होते का, भुलेत कोणी दगावलं होतं का, हे काका-आत्या-मामा-मावश्यांना फोन करून विचारा. 'आरवायआर-१'चा दोष आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरतो. म्हणून स्वतःला असा त्रास झालाच, तर डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव स्पष्ट लिहून घ्या आणि त्याची प्रत भावंडांना व मुलांना द्या.