पासवर्डपासून किल्ली कशी घडते?

'फोल्डरला दोन मिनिटांत पासवर्ड लावा' अशा मथळ्याचे व्हिडिओ अजूनही जोरात फिरत असतात. त्यातली युक्ती बहुतेक वेळा एकच असते. नोटपॅडमध्ये वीस-पंचवीस ओळींची बॅच फाइल लिहायची. ती चालवली की फोल्डरचं नाव बदलून त्याला कंट्रोल पॅनेलचं सोंग दिलं जातं आणि 'अ‍ॅट्रिब' या आज्ञेने तो नजरेआड केला जातो. परत हवा असेल तर काळी खिडकी पासवर्ड विचारते. पासवर्ड बरोबर टाइप केला की फोल्डर हजर.

आता त्याच बॅच फाइलवर माउसचं उजवं बटण दाबून 'एडिट' निवडा. पासवर्ड तिथेच साध्या अक्षरांत लिहिलेला दिसेल, कारण 'टाइप केलेला शब्द अमुक असेल तर पुढे जा' हे सांगणारी ओळ त्या फाइलीतच आहे. समजा ती फाइल हाती लागली नाही, तरी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. फोल्डर आतल्या फोटोंसकट उघडतो. फोटोंचा एक बाइटसुद्धा बदललेला नसतो. कुंपण नसलेल्या शेताच्या फाटकावर राखणदार बसवावा, तसा हा बंदोबस्त आहे.

प्रोग्रॅम लिहून 'पासवर्ड लावणं' म्हणजे काय, याबद्दलचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पहिल्या प्रकारात प्रोग्रॅम पासवर्ड विचारतो, जवळच्या नोंदीशी पडताळतो आणि जुळला तर माहिती दाखवतो. माहिती मात्र डिस्कवर जशीच्या तशी पडलेली असते. दुसऱ्या प्रकारात पासवर्डपासून एक किल्ली तयार होते आणि तिच्या मदतीने माहितीचे बिट्सच बदलून टाकले जातात. तिथे प्रोग्रॅम बाजूला काढला, डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी हाती अर्थहीन बाइट्सच लागतात. पहिल्या प्रकाराला संरक्षण म्हणायला माझा ठाम विरोध आहे.

एक्सेलमधलं 'प्रोटेक्ट शीट' हा पहिल्या प्रकारचा नमुना. एक्सेलची आजची फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते. ती उघडून त्या शीटची एक्सएमएल फाइल पाहिली, तर 'शीट प्रोटेक्शन' अशी एक खूण आढळते. ती एक खूण पुसली की शीट मोकळं. जुन्या एक्सेलमध्ये तर या पासवर्डवरून काढलेली संख्या इतकी छोटी होती की तिला फार तर ३२,७६८ किमती घेता येत. त्यामुळे मूळ पासवर्ड कितीही लांबलचक असो, त्याच किमतीचा दुसरा कुठला तरी शब्द एखादा मॅक्रो काही क्षणांत शोधून देई. अर्थात त्याच एक्सेलमध्ये 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' हा वेगळा पर्याय आहे आणि तो दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे खरा आहे. पगारपत्रकाला नेमकं काय लावलंय, हे हिशेबनिसाने एकदा तपासून पाहावं.

आता खऱ्या प्रकाराकडे वळू. फाइल एन्क्रिप्ट करायला आज बहुतेक ठिकाणी एईएस ही पद्धत वापरतात. जोन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन संशोधकांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये ती अमेरिकेत प्रमाण पद्धत ठरली. तिला किल्ली लागते ती मोजून १२८, १९२ किंवा २५६ बिट्सची. माणसाचा पासवर्ड मात्र आठ-दहा अक्षरांचा, त्यातही नातवाचं नाव आणि जन्मसाल. मग या ओबडधोबड शब्दापासून नेमकी २५६ बिट्सची किल्ली घडवायची कशी? सगळी गंमत इथे आहे, आणि बहुतेक संरक्षणं मोडतात तीही इथेच.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे हॅश. शा-२५६ या फलनाला काहीही द्या, एक अक्षर किंवा अख्खी कादंबरी, ते २५६ बिट्सच परत देतं. तोच शब्द दिला की तेच उत्तर, एक अक्षर बदललं की पार वेगळं उत्तर, आणि उत्तरावरून मूळ शब्दाकडे उलटं जाता येत नाही. मग पासवर्डचा शा-२५६ काढला की झाली किल्ली, असं नवशिक्या प्रोग्रॅमरला वाटतं. पण चोराला उलटं जायची गरजच नसते. तो पुढेच जातो: एक अंदाज घ्या, हॅश काढा, फाइल उघडते का बघा, नाही तर पुढचा अंदाज. शा-२५६ मुद्दाम वेगवान बनवलेलं आहे आणि चांगल्या ग्राफिक्स कार्डवर ते सेकंदाला शेकडो कोटी वेळा चालतं. वेग हा एरवी गुण, इथे तो चोराच्या पथ्यावर पडतो.

हे फार लवकर ओळखलं गेलं होतं. युनिक्स घडवणारे केन थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट मॉरिस यांनी १९७९ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्यांनी वापरकर्त्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासले, त्यातले २,८३१ एक तर अगदी आखूड होते किंवा शब्दकोशात वा नावांच्या यादीत सापडणारे होते. त्यांनी दोन उपाय केले. एन्क्रिप्शनची क्रिया एकदा करण्याऐवजी लागोपाठ २५ वेळा केली, आणि प्रत्येक पासवर्डात १२ बिट्सची एक यादृच्छिक संख्या मिसळली. तिला त्यांनी 'सॉल्ट' म्हटलं. आजच्या सगळ्या पद्धती या दोन कल्पनांवर उभ्या आहेत.

सॉल्टचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण ते गुप्त नसतं. ते फाइलीच्या सुरुवातीलाच उघडं लिहून ठेवलेलं असतं, आणि ते पाहून अनेक जण दचकतात. सॉल्ट नसेल तर एकच पासवर्ड वापरणाऱ्या सगळ्यांची किल्ली एकच येते. मग चोर नेहमीच्या कोट्यवधी शब्दांचे हॅश एकदाच काढून तक्ता करून ठेवतो आणि चोरलेली नोंद त्यात नुसती शोधतो. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, ते असेच सॉल्टविना होते. प्रत्येक फाइलीला स्वतःचं १६ बाइट्सचं सॉल्ट असेल, तर असा तक्ता निरुपयोगी ठरतो. प्रत्येक फाइलीसाठी मेहनत पहिल्यापासून करावी लागते.

राहिली पुनरावृत्ती. सन २००० मध्ये प्रमाणित झालेली पीबीकेडीएफ-२ ही पद्धत अशी चालते. पासवर्ड आणि सॉल्ट एकत्र घेऊन एचमॅक काढायचा. एचमॅक म्हणजे किल्ली मिसळून काढलेला हॅश, आणि इथे किल्लीच्या जागी पासवर्डच बसतो. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा त्याच पासवर्डने एचमॅक काढायचा. त्या उत्तराचा पुन्हा. असं लाखो वेळा. वाटेत येणारं प्रत्येक उत्तर आधीच्या बेरजेत एक्सॉर करत जायचं, म्हणजे बिट सारखे असतील तिथे ० आणि वेगळे असतील तिथे १. शेवटी उरेल ती किल्ली. प्रत्येक पायरीला मागच्या पायरीचं उत्तर लागतं, म्हणून पाचशेवी पायरी चारशे नव्व्याण्णवावीच्या आधी करता येत नाही. हजार यंत्रं असली तरी एका पासवर्डसाठी साखळीची वाटणी होत नाही. एक्सॉर कशासाठी? साखळी फिरत फिरत एखाद्या छोट्या चक्रात अडकलीच, तरी किल्ली फक्त शेवटच्या कडीवर अवलंबून राहू नये म्हणून.

सुरुवातीला किमान १,००० फेऱ्या सुचवल्या होत्या. आज शा-२५६ बरोबर ही पद्धत वापरताना ६ लाख फेऱ्यांची शिफारस केली जाते. तुम्हाला पासवर्ड दिल्यावर एखादा क्षण थांबावं लागतं, इतकंच. चोराचं काय होतं ते पाहू. समजा त्याचं यंत्र सेकंदाला १,००० कोटी हॅश काढतं. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं, त्यातून खरोखर यादृच्छिक निवडलेला आठ चिन्हांचा पासवर्ड म्हणजे सुमारे २१८ लाख कोटी शक्यता. एकाच हॅशने किल्ली केली असेल तर सगळ्या शक्यता सहा तासांत संपतात. पीबीकेडीएफ-२ च्या एका फेरीत साधारण दोन हॅश लागतात, म्हणजे ६ लाख फेऱ्यांचे १२ लाख. तेच सहा तास सुमारे ८३० वर्षं होतात! एईएस तीच, किल्ली तेवढ्याच बिट्सची, पासवर्डही तोच.

म्हणूनच 'मिलिटरी ग्रेड २५६ बिट एन्क्रिप्शन' ही जाहिरात वाचली की मला पहिला प्रश्न पडतो: फेऱ्या किती? अ‍ॅडोबीचं उदाहरण बोलकं आहे. अ‍ॅक्रोबॅट ९ मध्ये पीडीएफसाठी १२८ बिट्सच्या जागी २५६ बिट्सची एईएस आली. ऐकायला दुप्पट मजबूत. पण पासवर्डची तपासणी आधीच्या आवृत्तीत पन्नासएक फेऱ्यांची होती, ती आता एका शा-२५६ वर आली. परिणामी अंदाज घेत पासवर्ड शोधणं पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान झालं. २००८ मध्ये ही गोष्ट उघड झाली आणि पुढच्या आवृत्तीत पद्धत बदलावी लागली.

फेऱ्या वाढवून कच्चा पासवर्ड पक्का होत नाही, हेही खरं. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. अक्षरांच्या ४,५६,९७६ जोडण्या गुणिले शंभर वर्षं, म्हणजे साडेचार कोटींच्या आसपास. वरच्या यंत्राला ६ लाख फेऱ्यांसकटही दीड तास पुरेल. आणि फाइल ज्याच्या हाती पडली त्याला तुमचं नाव ठाऊक असेल, तर उरले फक्त शंभर अंदाज. अंकशास्त्राच्या नादाने 'शुभ' आकडे पासवर्डात घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे. शुभ मानले जाणारे आकडे मोजकेच, म्हणजे चोराची यादी तेवढी आखूड.

पीबीकेडीएफ-२ ची एक उणीव आहे. एका पासवर्डची साखळी वाटता येत नसली, तरी ग्राफिक्स कार्डाचे हजारो गाभे हजारो वेगवेगळे पासवर्ड एकाच वेळी पडताळू शकतात. यावर २००९ मध्ये कॉलिन पर्सिव्हल यांनी एस-क्रिप्ट (scrypt) ही पद्धत मांडली, आणि २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत आर्गॉन-२ विजेती ठरली. या दोन्ही पद्धती वेळेबरोबर स्मृतीही खातात. एका अंदाजाला ६४ मेगाबाइट लागत असतील तर दहा हजार अंदाज एकाच वेळी घ्यायला ६४० गिगाबाइट हवेत. नवा प्रोग्रॅम लिहीत असाल तर आर्गॉन-२ घ्या.

पासवर्ड कुठेच साठवलेला नसेल तर तो चुकला हे प्रोग्रॅमला कळतं कसं? चांगल्या पद्धतीत एन्क्रिप्ट केलेल्या माहितीबरोबर एक पडताळणीची खूण असते. चुकीच्या किल्लीने ती जुळत नाही. फाइलीत मागाहून कोणी ढवळाढवळ केली असेल तर तेही त्याच खुणेमुळे उघडकीला येतं. आणि पासवर्ड बदलला की शंभर जीबीची डिस्क पुन्हा एन्क्रिप्ट करावी लागते का? नाही. माहितीसाठी एक यादृच्छिक किल्ली असते, आणि पासवर्डपासून घडलेली किल्ली फक्त त्या किल्लीला झाकते. पासवर्ड बदलताना बदलतं ते एवढं छोटं झाकण.

फोल्डरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोल्डर म्हणजे नावांची यादी. तिला स्वतंत्र कुलूप लागत नाही. एक तर आतली प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट करा, किंवा व्हेराक्रिप्टसारख्या साधनाने एक मोठी एन्क्रिप्टेड फाइल करून ती ड्राइव्हसारखी जोडा. पायथनचं झिपसाठीचं अंगभूत मॉड्यूल पासवर्डची झिप बनवूच शकत नाही, त्याच्या नादी लागू नका. झिपची जुनी पद्धतही टाळा, बिहॅम आणि कोचर यांनी ती १९९४ मध्येच फोडून दाखवली आहे.

डेटाबेसमध्ये गोंधळ मोठा आहे. मायएसक्यूएलचा लॉगिन पासवर्ड पहिल्या प्रकारचा, म्हणजे फाटकावरचा. पासवर्ड विसरलेल्यांसाठी परवानग्यांचे तक्ते न वाचता सर्व्हर सुरू करण्याचा अधिकृत पर्यायच त्यात आहे. एसक्यूलाइटमध्ये तर मुळात पासवर्डच नाही. त्याची कुठलीही फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट्स दाखवणाऱ्या साधनात उघडा, पहिल्या १६ बाइट्समध्ये 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' असं इंग्रजीत लिहिलेलं दिसतं. एसक्यूएलसायफर हे त्याचं एन्क्रिप्टेड रूप. त्याच्या फाइलीत नेमक्या त्याच १६ बाइट्सच्या जागी सॉल्ट बसलेलं असतं. ते आणि पासवर्ड मिळून २,५६,००० फेऱ्यांनी किल्ली घडते आणि ४,०९६ बाइट्सचं प्रत्येक पान स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट होतं. फक्त मोबाइल नंबरचा रकाना एन्क्रिप्ट करू म्हणाल, तर चांगल्या पद्धतीत दर वेळी नवी यादृच्छिक संख्या मिसळली जात असल्याने एकच नंबर दोनदा एन्क्रिप्ट केल्यावर दोन वेगळी रूपं येतात आणि त्या रकान्यावर शोध चालत नाही. ते आधीच ठरवून घ्यावं लागतं.

मराठीत पासवर्ड स्वीकारणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ तीन प्रकारे साठवला जातो: युनिकोडमधलं स्वतंत्र ऱ आणि हलंत, किंवा र, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि हलंत, किंवा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे, बाइट्स वेगळे. त्यामुळे किल्ल्याही वेगळ्या. मोबाइलवर लावलेला पासवर्ड लॅपटॉपवर 'चुकीचा' ठरतो आणि माणूस आपल्याच फाइलीबाहेर अडकतो. युनिकोडचं सामान्यीकरण पहिल्या दोन रूपांना एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही, ते आपल्या कोडमध्ये वेगळं बदलून घ्यावं लागतं. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं, आणि बीक्रिप्ट ही पासवर्डचा हॅश काढण्याची पद्धत पहिल्या ७२ बाइट्सच्या पुढे पाहत नाही. काना-मात्रा धरून साधारण चोविसाव्या चिन्हानंतर तुम्ही काय टाइप करता याने तिथे काहीच फरक पडत नाही, म्हणून मराठी वाक्याचा पासवर्ड चालवायचा असेल तर बीक्रिप्ट सोडून आर्गॉन-२ कडे जावं.