लहान मुलांवर दंत किंवा मुखशल्य संशोधन करायचंय? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

पीडो (मुलांचे दंतोपचार) किंवा ओरल सर्जरीत एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळाला की पहिल्याच वर्षी सिनॉप्सिस (थिसिसचा थोडक्यात आराखडा) द्यावा लागतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. विषय ठरतो, गाईड हो म्हणतात, ओपीडीत मुलं येतच असतात. मग काम सुरू करू, कागद मागाहून पूर्ण करू, असा विचार केला जातो. मुलांच्या बाबतीत हे अजिबात चालत नाही. क्रम ठरलेला आहे: संस्थेतली वैज्ञानिक छाननी, एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) लेखी मंजुरी, सीटीआरआयचा (क्लिनिकल ट्रायलच्या सार्वजनिक नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि त्यानंतर अभ्यासातलं पहिलं मूल. क्रम चुकला तर तो नंतर दुरुस्त करता येत नाही, कारण मागच्या तारखेची मंजुरी कुठलीही प्रामाणिक कमिटी देत नाही. सीटीआरआयनेही १ एप्रिल २०१८ पासून आधीच सुरू झालेल्या ट्रायलची नोंदणी बंद केली आहे.

ही माहिती मुख्यतः एमडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आणि तरुण दंतवैद्यांसाठी आहे. ज्यांच्या मुलाला अशा अभ्यासात घेऊ का म्हणून विचारलं गेलंय, त्या आईवडिलांसाठीही शेवटच्या भागात थोडं लिहिलं आहे.

विषय पात्र आहे का, हे आधी तपासा

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०१७ मध्ये दोन मार्गदर्शिका काढल्या. एक सर्व मानवी संशोधनासाठी आहे आणि एक खास मुलांवरच्या संशोधनासाठी. दोन्ही वाचल्याशिवाय प्रोटोकॉल (अभ्यासाचा सविस्तर आराखडा) लिहायला बसू नका. मूळ अट साधी आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या माणसांकडून मिळू शकतं, त्यासाठी मुलं घ्यायची नाहीत. औषध नवीन असेल तर त्याची सुरक्षितता आधी मोठ्यांमध्ये पाहिलेली हवी.

दुधाच्या दातांची पल्पोटॉमी (दाताच्या गराचा वरचा खराब भाग काढणं), जन्मतः दुभंगलेल्या ओठासाठी शस्त्रक्रियेआधी वापरायची नाकाला आकार देणारी प्लेट, टाळूच्या ऑपरेशनचं योग्य वय, हे प्रश्न मुलांचेच आहेत. टाळूच्या वयाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवण्यासारखं आहे. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या केंद्रांनी मिळून ५५८ बाळांवर एक ट्रायल केली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. टाळू सहाव्या महिन्यात शिवायची की बाराव्या, एवढाच प्रश्न होता. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांचं बोलणं तपासलं. बोलताना टाळू नीट बंद न होण्याचं प्रमाण सहाव्या महिन्यात ऑपरेशन झालेल्यांत ८.९ टक्के आणि बाराव्या महिन्यात झालेल्यांत १५ टक्के निघालं. दोन्ही वयांत ऑपरेशन करण्याची पद्धत आधीपासून रूढ होती आणि कोणतं वय चांगलं हे खरोखर ठाऊक नव्हतं, म्हणून तो अभ्यास योग्य ठरला. एका गटाला मुद्दाम कमी दर्जाचा उपचार मिळणार असेल, तर विषय तिथेच सोडून द्या.

विद्यार्थ्याच्या अभ्यासाची जबाबदारी कागदोपत्री गाईडवरही असते, आणि दोघांचीही राज्य दंत परिषदेकडची नोंदणी चालू असावी लागते. बहुतेक कमिट्या दोघांचंही जीसीपी (संशोधन नीट कसं करायचं याच्या) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागतात. ते आधीच करून ठेवा.

कुठली कमिटी, कुठली परवानगी

आपल्या कॉलेजची एथिक्स कमिटी कुठे नोंदलेली आहे, हे कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना विचारून घ्या. नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम २०१९ नुसार, औषधांच्या नियमनाखाली येणाऱ्या ट्रायलना मंजुरी देणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे लागते. बाकीच्या आरोग्य संशोधनाला मंजुरी देणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे लागते. मंजुरीपत्रावर नोंदणी क्रमांक हवा, आणि नोंदणीची मुदत संपलेली नसावी.

थिसिससाठी औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी क्वचितच लागते. बाजारात मान्यता असलेलं औषध वेगळ्या मात्रेत किंवा वेगळ्या कारणासाठी वापरून पाहत असाल, अभ्यास शैक्षणिक असेल आणि त्याची माहिती पुढे परवाना मिळवण्यासाठी वापरायची नसेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. परवाना असलेल्या भराव, कॅप किंवा प्लेट अशा साहित्यालाही, जे मेडिकल डिव्हाइस म्हणून मोडतं, साधारण हेच लागू होतं. कंपनीचं नवं औषध असेल तर सीटी-०४ आणि नवं उपकरण असेल तर एमडी-२२ हा अर्ज करावा लागतो, पण तो कंपनीनं करायचा असतो. परदेशी निधी किंवा सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं. दुधाच्या दातांच्या गरातून पेशी वेगळ्या काढून वाढवायच्या असतील तर मूलपेशी संशोधनाची स्वतंत्र समिती लागते. ती प्रत्येक कॉलेजात नसते, म्हणून असा विषय घेण्याआधी चौकशी करा.

अर्जासोबत लागणारे कागद

प्रत्येक कमिटीचा नमुना वेगळा असतो, तरी हे सगळीकडे मागतात: विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, वैज्ञानिक समितीची मंजुरी, सविस्तर प्रोटोकॉल आणि त्याचा सारांश, नोंदी घ्यायचा फॉर्म, संशोधकांचे बायोडेटा, खर्चाचा अंदाज आणि तो खर्च कोण करणार, हितसंबंध नसल्याचं निवेदन, लागू असेल तिथे विमा. याशिवाय पालकांसाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मुलासाठी असेंटचा (मुलाच्या स्वतःच्या होकाराचा) फॉर्म, हे सगळं मराठी, हिंदी, इंग्रजीत आणि भाषांतराच्या प्रमाणपत्रासह. मूल सहभागी असलं की अर्ज सहसा पूर्ण बैठकीतच जातो, म्हणून बैठकीची तारीख विचारून तिच्या बऱ्याच आधी फाईल द्या.

अभ्यासासाठी जादा एक्स-रे किंवा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढणार असाल तर त्याचं कारण स्पष्ट लिहा. उपचाराला गरज नसताना केवळ मोजमापासाठी मुलाला किरणोत्सर्ग देणं कमिटी सहज मान्य करत नाही, आणि करूही नये.

मराठी माहितीपत्रक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कमिटीकडून फाईल परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हे पत्रक. बरेच जण इंग्रजी मजकूर शब्दशः मराठीत उतरवतात. मग ‘सदर अभ्यासात आपल्या पाल्याचे यादृच्छिक वाटप करण्यात येईल’ असं वाक्य तयार होतं, आणि ते वाचून कुठल्याच आईला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘कुठल्या मुलाला कुठला उपचार द्यायचा हे चिठ्ठी काढून ठरवतात तसं ठरेल, डॉक्टर निवडणार नाहीत.’ एवढं पुरतं.

त्रासदायक गोष्टी तर लपवूच नका. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या कीड थांबवणाऱ्या औषधाच्या अभ्यासात किडलेली जागा काळी पडते आणि काळीच राहते. पुढच्या दातावर औषध लावायचं असेल तर ही गोष्ट पालकांना पहिल्याच परिच्छेदात, आणि जमल्यास फोटो दाखवून सांगितली पाहिजे. भाग घेतला नाही तरी नेहमीचा उपचार मिळेल, कधीही बाहेर पडता येईल, संशोधनासाठीच्या जादा तपासण्यांचा खर्च पालकांवर येणार नाही, आणि तक्रार असल्यास मेंबर सेक्रेटरींचा फोन नंबर हा, या चार गोष्टींशिवाय पत्रक पूर्ण होत नाही.

धोका अगदी किरकोळ असेल किंवा मुलाला थेट फायदा असेल तर एका पालकाची सही सहसा चालते. धोका त्याहून जास्त असेल किंवा मुलाला काहीच फायदा नसेल तर दोघांची सही मागितली जाऊ शकते. पालकांना वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर पत्रक वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. शाळेत किंवा आश्रमशाळेत दातांची पाहणी करत असाल तर मुख्याध्यापकांचं पत्र तुम्हाला फाटकातून आत जाण्यापुरतं आहे. पालकांची संमती त्यानंतरही लागतेच.

मुलाचा होकार

सात वर्षांखालच्या मुलाचा होकार कागदावर घ्यावा लागत नाही. ७ ते १२ वयात पालकांसमोर तोंडी होकार घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. १२ ते १८ वयात मुलाची लेखी सही लागते, आणि त्याच कागदावर पालकांचीही. आठ वर्षांच्या मुलाशी बोलायचा मजकूर साधारण असा असावा:

‘तुझ्या एका दाताला कीड लागली आहे. त्यावर आम्ही औषधाचा थेंब लावू. टोचणार नाही. चव जराशी लोखंडासारखी लागेल. कीड काळी दिसेल आणि तशीच राहील. सहा महिन्यांनी तू परत येशील तेव्हा आम्ही दात बघू आणि दाताचा फोटो काढू. तुला नको असेल तर नको म्हण. कोणी रागावणार नाही, आणि दातावर उपचार तरीही करू.’

हा होकार मूल खुर्चीत बसण्याआधी घ्या, आणि शक्य असेल तर उपचार करणाऱ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी घ्या. डोक्यावर दिवा लागलेला, समोर ट्रे मांडलेला, अशा वेळी मूल मान हलवतं ती भीतीनं. पुढे मुलानं तोंड घट्ट मिटून घेतलं तर नेमकं कशाला नकार आहे ते वेगळं करा. जादा फोटो, लाळेचा नमुना, मोजमाप ही संशोधनाची कामं असतील तर तिथेच थांबा. आईनं सही केली आहे म्हणून मुलाचे हात धरून नमुना घेता येत नाही. दुखणाऱ्या दाताचा उपचार मात्र वेगळा विषय आहे. तो पालकांशी बोलून नेहमीच्या पद्धतीनं ठरवा.

फाटलेल्या ओठाच्या किंवा टाळूच्या बाळाचे आईवडील पहिल्या आठवड्यांत घाबरलेले असतात. संमती नाकारली तर ऑपरेशन लांबेल, ही शंका त्यांच्या मनात असतेच, त्यांनी विचारलं नाही तरी. ती तुम्ही आपणहून दूर करायची. पत्रक घरी द्या, आजीआजोबांशी बोलू द्या, पुढच्या भेटीत सही घ्या.

फोटोंची वेगळी संमती

मुखशल्यात चेहऱ्याच्या फोटोशिवाय काम होत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, हा समज चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समितीही ते पुरेसं मानत नाही. फोटो नोंदीसाठी, शिकवण्यासाठी की छापण्यासाठी, अशा तीन वेगळ्या चौकटी संमतीपत्रात ठेवा आणि प्रत्येकीसमोर हो किंवा नाही लिहून घ्या. फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका.

सीटीआरआयची नोंदणी

भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची ही सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. ती आयसीएमआर चालवते आणि नोंदणी मोफत आहे. एजंटला पैसे देऊ नका. खातं उघडा, माहिती भरा, एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र अपलोड करा. पदव्युत्तर थिसिससाठी तिथे वेगळा रकाना आहे. त्यांच्याकडून शंका येतात, त्यांना उत्तरं दिल्यावर क्रमांक मिळतो. क्रमांक हातात येईपर्यंत एकही मूल घेऊ नका. हा क्रमांक नसेल तर अनेक जर्नल पेपर पाहतही नाहीत.

अभ्यास चालू असताना प्रोटोकॉलमध्ये बदल केला तर कमिटीला कळवा. नियमनाखालच्या ट्रायलमध्ये गंभीर त्रास झाला तर २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे.

पालकांसाठी

सही करण्याआधी पत्रकाची प्रत मागून घ्या, ती तुमच्याकडेच राहते. नेहमीचा उपचार कोणता आणि अभ्यासामुळे जादा काय होणार, हे दोन वेगळे प्रश्न विचारा. सीटीआरआय क्रमांक विचारा. तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की अभ्यास कोण करतंय आणि कशासाठी, हे कुणालाही पाहता येतं. नंतर मन बदललं तर कारण न देता बाहेर पडता येतं. आणि फाटलेल्या टाळूसारख्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या अभ्यासात तुमचं मूल १८ वर्षांचं झालं की पुढच्या सहभागासाठी संशोधकांनी त्याची स्वतःची संमती नव्यानं घ्यायची असते, तुमची जुनी सही तेव्हा पुरत नाही.