धुपणीवरील वनौषधी (ग्रामीण विदर्भ)

अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीला (श्वेतप्रदर) धुपणी म्हणतात. ग्रामीण विदर्भात तिच्यावर धायटीची (वुडफोर्डिया फ्रूटिकोजा) फुले तांदळाच्या धुवणातून घेतात. औषध केव्हा सुरू होते व किती दिवस चालते, हे आजाराच्या जोरापेक्षा बाई कोणापाशी बोलू शकते यावर ठरते.

उपायाचे मूळ वादग्रस्त आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातील चिकित्सास्थान या भागात (अध्याय ३०) प्रदरावर सांगितलेल्या पुष्यानुग चूर्णात धायटी आहे; अनुपान, म्हणजे औषधासोबत घ्यायचे, मध व तांदळाचे धुवण. हा अध्याय ग्रंथ पुरा करणाऱ्या दृढबलाने भर घातलेल्या भागात मोडतो व दृढबलाचा काळ साधारणतः इ.स. चौथे-पाचवे शतक मानतात. यावरून लोकोपाय ग्रंथातून उतरला असे म्हणता येते. परंतु चूर्णातील कट्फल, अतिविष ही द्रव्ये इकडे बाजारातूनच आणावी लागतात, तर धायटी रानात फुकट मिळते. दोन्ही परंपरा शेजारी वाढल्या असाव्यात, हे मत अधिक पटते.

फुले फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडून सावलीत वाळवतात आणि कुटून वस्त्रगाळ करतात. दिवसाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. धुवणासाठी भरडलेले तांदूळ आठपट पाण्यात भिजवून, कुस्करून गाळतात. धुवण रोज ताजे लागते, शिळे आंबते.

हे रोजचे गाळणेच नव्या सुनेला अडचणीचे ठरते, कारण घरात विचारणा होते. ती सासूऐवजी जावेपाशी किंवा माहेरी आईपाशी बोलते. सणाला माहेरी सुरू झालेले औषध सासरी सुटते. मोहफुले वेचायला बाया एकत्र जातात तेव्हाच धायटीही फुललेली असते, त्यामुळे विषय रानात निघतो. पूर्वी सुईणीचा आधार असे. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे दवाखान्यात वळली, तसे तिचे घरी येणेजाणे कमी झाले.

राणी व अभय बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या पाहणीत (१९८९) ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. आधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या.

धायटीतील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे स्राव आटला तरी जंतुसंसर्ग जात नाही. आशाताईंनी (गावातील आरोग्य कार्यकर्तीने) दिलेल्या लोहाच्या गोळ्यांबरोबर चूर्ण घेतल्यास लोह कमी शोषले जाते. मध्ये किमान दोन तास ठेवावेत. दुर्गंधी, ताप किंवा ओटीपोटात दुखणे असल्यास तपासणी लागते. संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असल्यास नवऱ्यालाही औषध द्यावे लागते, आणि नेमके तेच घरात बोलले जात नाही.