मान मोडली तरी बोटांचे स्नायू मरत नाहीत

पतंगांचं उत्तरायण उलटलं की बडोद्याच्या पेपरांत गच्चीवरून पडलेल्यांच्या बातम्या येतात. त्यातले काही जण मान मोडूनही वाचतात, पण त्यांचं पुढे काय झालं ते छापून येत नाही. घरी भेटायला येणारे मात्र ठरलेलं बोलतात: "जीव वाचला हेच नशीब, हातपाय आता गेले." पायांबद्दल मी वाद घालणार नाही. हातांबद्दल घालणार.

अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मज्जारज्जूला इजा झालेल्या ६८१ जणांना विचारलं होतं, की काय परत मिळालं तर आयुष्य सगळ्यांत जास्त सुधारेल? ज्यांचे हात-पाय दोन्ही लुळे पडले होते, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी हात मागितले. चालणं बरंच मागे राहिलं. आपला घास आपण घेणं, कॅथेटर (लघवीची नळी) स्वतः घालणं, व्हीलचेअर ढकलणं हे सगळं हातांवर अवलंबून असतं.

आता शाळेतली मज्जारज्जूची आकृती आठवा. मेंदूकडून निघालेला तंतू थेट स्नायूपर्यंत जात नाही. तो मज्जारज्जूतल्या एका पेशीपाशी थांबतो आणि तिथून त्या पेशीचा स्वतःचा तंतू स्नायूकडे जातो. कोपर वाकवणाऱ्या पेशी मानेच्या पाचव्या-सहाव्या पातळीवर असतात, बोटं मिटणाऱ्या मुख्यतः आठव्या पातळीच्या आसपास. मार सहाव्याच्या खाली बसला तर कोपर वाकतं, मनगट उचललं जातं, पण मूठ वळत नाही. मेंदूचा निरोप वाटेतच तुटतो. मात्र माराच्या जागेच्या खालच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांचे तंतू स्नायूंना जोडलेलेच राहतात. म्हणून तर अशा रुग्णाची बोटं कधीकधी आपोआप झटका देतात. तेल चोळणारा वैदू किंवा अंगारा लावणारा बाबा नेमकं हेच दाखवून "बघा, बोट हललं" म्हणतो आणि पुढचे पैसे घेतो. तो झटका प्रतिक्षिप्त क्रियेचा आहे, त्यात मेंदूचा हुकूम नाही.

पण तो झटका सर्जनच्या फार कामाचा असतो: खालची जोडणी जिवंत असल्याची ती खूण. कोपर वाकवायला आपल्याकडे तीन स्नायू आहेत: बायसेप्स, ब्रॅकियालिस आणि ब्रेकिओरेडियालिस. त्यातल्या ब्रॅकियालिसवाचून कोपराचं अडत नाही. सर्जन दंडात त्याची नस (रक्ताची नव्हे, निरोप नेणाऱ्या तंतूंची) कापतात. शेजारून जाणाऱ्या मीडियन नसेत अंगठ्याचं टोक आणि तर्जनी वाकवणाऱ्या तंतूंचा जुडगा असतो. तो ओळखायला विजेची बारीक सळई एकेका जुडग्याला लावून पाहतात. योग्य जुडग्याला ती टेकली, की कित्येक महिने हुकूम न ऐकलेला अंगठा टेबलावर टचकन वाकतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं, ब्रॅकियालिसच्या नसेचं टोक त्या जुडग्याला शिवतात. मेंदूचं ऐकणाऱ्या पेशी आता आपले तंतू अंगठ्याच्या स्नायूकडे वाढवू लागतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. अंतर पंचवीस सेंटिमीटर धरलं तर आठ-नऊ महिने लागणारच. सुरुवातीला बोट मिटायला "कोपर वाकव" असा विचार करावा लागतो. सरावानं मेंदू दोन्ही वेगळं करायला शिकतो.

घड्याळ कुठे टिकटिकतं तेही सांगतो. ज्या पातळीवर मार बसला तिथल्या पेशीच मरतात, त्यांचे स्नायू सुकतात आणि वर्ष-दीड वर्षानंतर नवी नस स्वीकारत नाहीत. म्हणून हाताच्या सर्जनची पहिली भेट पहिल्या सहा महिन्यांत व्हायला हवी. "आधी वाट पाहू" यात हा काळ जातो.

उशीर झाला तरी दार बंद होत नाही. चालणाऱ्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) न चालणाऱ्याच्या कंडरेला जोडता येते. स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांनी १९७०च्या दशकात खांद्याच्या स्नायूचा मागचा भाग वापरून कोपर सरळ करून दाखवलं. कंडरा फिरवण्याचं कसब त्याआधीच वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर आणलं होतं. तिथल्याच डॉ. मेरी वर्गीस अपघातात पाय लुळे पडल्यावर व्हीलचेअरवर बसून असे हात दुरुस्त करत.

२०१९ साली मेलबर्नच्या सर्जननी १६ जणांवर केलेल्या ५९ नस-जोडण्यांचा अहवाल दिला. चार फसल्या. बाकी रुग्णांची पकड आणि कोपर सरळ करण्याची ताकद लक्षणीय वाढली. संवेदना मात्र यानं परत येत नाही आणि बोटांची नाजूक हालचालही पूर्ववत होत नाही. स्टेम सेलच्या नावानं लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा इजेवर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर ते देणं हा गैरप्रकार आहे.

घरच्यांनी एक सांभाळावं. मनगट मागे वळलेलं असताना रुग्णाची बोटं ओढून सरळ करू नका. मनगट उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात, ती कंडरांच्या मोजक्या आखूडपणामुळे, आणि याच नैसर्गिक पकडीवर पुढची शस्त्रक्रिया उभी राहते. सांधे आखडू द्यायचे नाहीत, म्हणून बोटं सरळ करायचीच, पण मनगट खाली पाडून.