पिनिअलची गाठ: एका नावात कोंबलेले अनेक आजार

माडाखाली उभं राहून नारळ किती धरलेत ते बघायला नजर आपसूक वर जाते. पिनिअल ग्रंथीच्या गाठीत काहींची ती जातच नाही, मान मागे टाकावी लागते. उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी ही ग्रंथी मेंदूच्या मधोमध असते. तिथली गाठ डोळे वर फिरवणाऱ्या भागावर दाबते. नजरेची ही खूण १८८०च्या दशकात नोंदवणाऱ्या फ्रेंच नेत्रतज्ज्ञ पारिनो यांचंच नाव तिला मिळालं.

त्याआधी या ग्रंथीभोवती चर्चा आत्म्याचीच. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४९ मध्ये आत्म्याचं ठाणं तिथे मांडलं. पुढे आपल्याकडच्या 'तिसऱ्या डोळ्या'शीही तिचं नातं जोडलं गेलं. तिच्यातून झोपेशी निगडित मेलाटोनिन वेगळं काढलं ते १९५८ मध्ये.

सर्जनांची अडचण वाटेची. गाठ खोल, भोवती मोठ्या शिरा. १९१३ मध्ये बर्लिनच्या फेडोर क्राउझ यांनी लहान मेंदूच्या वरच्या अंगाने जाऊन ती काढली खरी, पण या शस्त्रक्रियेत इतके रुग्ण दगावत की पुढची अनेक दशकं डॉक्टर मेंदूत साठलेल्या पाण्याला नळीने वाट करून देत आणि गाठीचा तुकडा न तपासताच किरणोपचार देत.

इथे नावाने घोळ घातला. १९२३ मध्ये डॅनिश मेंदूतज्ज्ञ क्राबे यांनी 'पिनिअलोमा' हा शब्द आणला आणि तिथली जवळपास प्रत्येक गाठ त्यात गेली. गोव्यातल्या फोंड्यात उतरून नुसतं 'नाईकांचं घर कुठे?' विचारावं, तशातली गत. १९४४ मध्ये ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट डोरोथी रसेल यांनी दाखवलं की यातल्या बऱ्याच गाठी ग्रंथीच्या पेशींच्या नाहीतच. त्यांचं गोत्र जननपेशींचं. त्यातला जर्मिनोमा किरणांनी विरघळतो. ग्रंथीच्याच पेशींची, सावकाश वाढणारी पिनिओसायटोमा तशी दाद देत नाही. म्हणजे न तपासता दिलेले किरण कित्येकांना फुकटच सोसावे लागले असणार.

१९७१ मध्ये अमेरिकन मेंदू-सर्जन बेनेट स्टाइन यांनी मायक्रोस्कोप घेऊन क्राउझचीच वाट पुन्हा धरली. पिनिओसायटोमा आज पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीत मोडते. पूर्ण निघाली तर बहुधा पुढे काही लागत नाही, तपासण्या मात्र चालू ठेवाव्या लागतात.

बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी मोठ्या इस्पितळात, 'आधी तुकडा तपासू' म्हटलं की घरचे वैतागतात: एमआरआयवर दिसते ना गाठ, मग? दिसते, पण कुठल्या गोत्राची ते नुसत्या फोटोवरून नक्की सांगता येत नाही. आता पुष्कळदा दुर्बिणीच्या एकाच खेपेत तुंबलेल्या पाण्याला वाट करून देतात आणि तुकडाही घेतात.