मदत आली, पण तीन दिवस हात लावायचा नाही

दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाच्या मुख्य विमानतळाची धावपट्टी सुमारे २.७ किलोमीटर लांब आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती माणसांनी फावड्यांनी साफ केली. राख खरवडायची, हातगाडीत भरायची, लांब नेऊन ओतायची, की पुन्हा परत. तिकडे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मदतीची विमानं माल भरून उभी होती, पण ही झाडलोट पूर्ण होईपर्यंत एकालाही उतरता येत नव्हतं. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. तो दगडाचा आणि काचेचा चुरा असतो. जेट इंजिनाच्या पोटातल्या उष्णतेत ही काच वितळते आणि पात्यांवर जाऊन थिजते. इंजिन गुदमरतं.

१५ जानेवारीच्या संध्याकाळी हुंगा टोंगा–हुंगा हाआपाय हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. राजधानी नुकुआलोफा तिथून जेमतेम ६५ किलोमीटरवर. राखेचा लोट ५७ किलोमीटर उंच गेला, त्सुनामीच्या लाटा काही किनाऱ्यांवर १५ मीटरपर्यंत चढल्या. मांगो नावाच्या बेटावर एकही घर उभं राहिलं नाही. देशाची वस्ती लाखाच्या थोडी वर, आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांना या संकटाची झळ लागली.

अशा वेळी दारं सताड उघडायची असतात. टोंगाला ती उघडता येत नव्हती, कारण देशात करोना नव्हता. जवळजवळ दोन वर्षं सीमा बंद ठेवून त्यांनी तो बाहेर थोपवला होता. तोवर सापडलेला रुग्ण एकच, ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूझीलंडहून आलेला एक प्रवासी, आणि तोही विलगीकरणातच राहिला. आता मदतीचा माल हवा होता, पण तो आणणारा माणूस नको होता.

ही भीती अवाजवी होती असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं १९१८ सालात डोकावावं. त्या वर्षी ऑकलंडहून निघालेल्या ‘टॅलून’ नावाच्या आगबोटीनं इन्फ्लुएंझाची साथ फिजी, सामोआ आणि टोंगात पोहोचवली. पश्चिम सामोआत दर पाच माणसांमागे एक माणूस दगावला. टोंगातही हजाराहून अधिक बळी गेले. शेजारच्याच अमेरिकन सामोआनं बोटी अडवल्या, आणि तिथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. अलीकडचं पाहायचं, तर २०१९ मध्ये सामोआत गोवरानं ८३ जीव घेतले, त्यात बहुतेक चिमुकली मुलं होती. बोटीतून आजार येतो हे या बेटांना कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

म्हणून ठरलं की मदत ‘संपर्काविना’ येईल. २० जानेवारीला न्यूझीलंडचं हर्क्युलिस आणि ऑस्ट्रेलियाचं ग्लोबमास्टर विमान उतरलं. न्यूझीलंडच्या विमानानं जमिनीवर जास्तीत जास्त ९० मिनिटं थांबायचं, स्थानिक माणसांच्या जवळ न जाता माल उतरवायचा आणि परत फिरायचं, असा बेत होता. आलेला माल ७२ तास तसाच ठेवायचा आणि मगच वाटायचा. ऑस्ट्रेलियाचं आणखी एक विमान तर अर्ध्या वाटेतून माघारी गेलं, कारण त्यातल्या एकाची करोना चाचणी होकारार्थी आली होती. पाठोपाठ निघालेल्या ‘ॲडलेड’ या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेवर सहाशेहून अधिक माणसं आणि सुमारे ८० टन मदतसामग्री होती, आणि तिच्यावर २३ जण बाधित निघाले. तरीही २६ जानेवारीला ती धक्क्याला लागली. माल उतरला, माणसं बोटीवरच राहिली.

आता हे ७२ तास कुठून आले? मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हा विषाणू वेगवेगळ्या पृष्ठभागांवर किती टिकतो हे प्रयोगशाळेत मोजलं होतं. तांब्यावर तो चार तासांनी सापडेना, पुठ्ठ्यावर २४ तासांनी. प्लॅस्टिकवर मात्र ७२ तासांपर्यंत तग धरून होता. बहुतेक ठिकाणचे तीन दिवसांचे नियम या आकड्याच्या आसपास बेतलेले दिसतात. त्याच प्रयोगात प्लॅस्टिकवरच्या जिवंत विषाणूंची संख्या साधारण दर ६.८ तासांनी निम्मी होत होती. ७२ तासांत असं साडेदहा वेळा निम्मं होतं, म्हणजे सुरुवातीच्या संख्येचा जेमतेम दीड हजारावा भाग उरतो. शिवाय हे प्रयोगशाळेतल्या गार, सावलीतल्या हवेचं गणित. टोंगाच्या जानेवारीतल्या उन्हात विषाणूचे हाल आणखी लवकर होतात.

पुढे कळलं की वस्तूंना हात लावून हा आजार पसरण्याची शक्यता फारच कमी आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्येच ती दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहून कमी धरली होती. मग जानेवारी २०२२ मध्ये हे तीन दिवस वाया गेले का? मला तसं वाटत नाही. खोक्यांपासूनचा धोका नगण्य होता हे खरं, पण खोकं देणारा आणि घेणारा समोरासमोर येतात तो क्षण नगण्य नव्हता. ७२ तासांच्या नियमानं त्या दोघांची गाठच पडू दिली नाही. मात्र माझ्या मते एक सुधारणा करता आली असती. ऑकलंडहून बोटीला तीन दिवस लागतातच. कंटेनर निघतानाच मोहोरबंद केला आणि प्रवासाचा वेळ विलगीकरणात मोजला, तर धक्क्यावर माल अडवून ठेवायचं कारण फारसं उरत नाही. विमानाच्या मालाला ही सोय नाही. थांबायचंच असेल तर विमानाच्या वेगाचा अर्धा फायदा तिथेच संपतो.

पाण्याचं गणित तर विमानाला पेलणारंच नव्हतं. टोंगात घरोघरी छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत साठवतात. छपरावर राख पडली की टाकी नासते. आपत्तीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागतं असं मदतकार्याचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. एक लाख लोकांसाठी हे रोजचे १५ लाख लिटर, म्हणजेच १,५०० टन झाले. हर्क्युलिस एका खेपेला वीसेक टन नेतं. हिशेब इथेच मोडतो. नुसतं प्यायचं पाणी धरलं, माणशी तीन लिटर, तरी रोज पंधरा खेपा होतात. त्यामुळे न्यूझीलंडच्या नौदलाचं ‘आओटेरोआ’ हे जहाज महत्त्वाचं ठरलं. ते अडीच लाख लिटर पाणी घेऊन आलं, आणि समुद्राचं पाणी गोडं करणारी त्याची यंत्रणा रोज ७० हजार लिटर देऊ शकत होती. म्हणजे तेवीस हजार माणसांची तहान. पाणी वाहून नेण्यापेक्षा ते तयार करणारं यंत्र नेणं केव्हाही शहाणपणाचं, हा या शास्त्रातला जुना धडा आहे. पण आधी बंदरात जाता आलं पाहिजे. त्सुनामीनंतर समुद्राच्या तळाशी काय येऊन पडलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ‘वेलिंग्टन’ ही नौका पाणबुडे आणि तळ मोजणारं पथक घेऊन एक दिवस आधी पोहोचली.

टोंगाच्या आधी ही परीक्षा पॅसिफिकमधल्याच वानुआतू या बेटांच्या देशानं दिली होती. ६ एप्रिल २०२० ला पाचव्या श्रेणीचं हॅरल्ड चक्रीवादळ सान्तो बेटावर धडकलं, तेव्हा त्या देशातही करोनाचा एकही रुग्ण नव्हता आणि सीमा बंद होत्या. २०१५ च्या पाम चक्रीवादळानंतर तिथे परदेशी मदतनीसांची रीघ लागली होती. हॅरल्डच्या वेळी सरकारनं त्यांना येऊच दिलं नाही. पाहणी कुणी करायची, ताडपत्री आधी कुणाला द्यायची, हे गावोगावच्या आपत्ती समित्यांनी आणि स्थानिक रेडक्रॉसच्या स्वयंसेवकांनी ठरवलं. कुठल्या ओढ्यापलीकडे किती घरं आहेत हे त्यांना विचारत फिरावं लागत नव्हतं.

याच वादळाच्या वाटेवर सॉलोमन बेटांमध्ये घडलं ते वाचताना मला कोकण आठवत राहतं. साथीच्या धास्तीनं सरकारनं लोकांना राजधानी होनिआरा सोडून आपापल्या गावी जायला सांगितलं होतं. खचाखच भरलेली एक बोट वादळी समुद्रात निघाली, आणि २७ माणसं लाटांनी ओढून नेली. दोनच महिन्यांनी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आपले चाकरमानीही साथीमुळे मुंबईहून गावी परतलेले होते. गावातली शाळा त्यांच्या विलगीकरणासाठी घेतलेली, आणि वादळात लोकांना हलवायचं ते ठिकाणही तीच शाळा. अंतर राखायचं म्हटलं की निवाऱ्यात मावणारी माणसं निम्म्यावर येतात. वादळ काही त्यासाठी थांबत नाही.

विलगीकरण न लागणारी मदत एकच, ती म्हणजे पैसा. कोकण जसं मनीऑर्डरवर जगलं, तसं टोंगा न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या आपल्या माणसांच्या पैशांवर जगतं. देशाच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा त्यांच्याकडून येतो. पण हा पैसा समुद्राखालच्या केबलमधून यायचा, आणि फिजीकडे जाणारी ८२७ किलोमीटरची ती एकमेव केबल स्फोटानंतर तुटली होती. ऑकलंडमधले टोंगन लोक मैदानावर जमून घरी पाठवायला पिंपं भरत होते. पीठ, पाणी, डबाबंद मांस. पण घरच्यांचा आवाज कित्येक दिवस कानावर पडला नाही. केबल जोडली गेली २२ फेब्रुवारीला, पाच आठवड्यांनी.

तोवर विषाणू आत आला होता. १ फेब्रुवारीला बंदरात काम करणारे दोन कामगार बाधित आढळले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापासून राख उपसणारा तो देश टाळेबंदीत गेला. मात्र १९१८ आणि २०२२ मध्ये एक फरक होता. सीमा बंद ठेवून मिळालेल्या दोन वर्षांत टोंगानं बहुतेक पात्र लोकांना लशीचे दोन डोस दिले होते. पुढे रुग्णसंख्या हजारोंत गेली. अधिकृत नोंदीत करोनानं गेलेल्यांची एकूण संख्या पंधराहून कमी आहे.