चुकून झालेली बदली आणि नकळत झालेला करार: सभागृहाचा वीजपुरवठादार परस्पर बदलतो तेव्हा

ब्रिटनमधल्या एखाद्या सामाजिक सभागृहाच्या दारात अनोळखी वीजकंपनीचे ‘आमच्याकडे आपले स्वागत आहे’ असे पत्र येऊन पडते आणि पाठोपाठ जुन्या कंपनीचे शेवटचे बिल येते, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘फसवणूक’. हा शब्द कधी बरोबर असतो, कधी साफ चुकीचा असतो, आणि बहुतेक वेळा तो उच्चारण्याची घाई झालेली असते. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी येथे एकमेकींत मिसळतात. एकीत आपला कोणताही करार नसताना आपले मीटर दुसऱ्या कंपनीकडे गेलेले असते. दुसरीत आपल्या नावाने कोणीतरी, कुठेतरी, होकार दिलेला असतो. पहिलीला तिकडच्या व्यवहारात अनेक वर्षे ‘एरोनियस ट्रान्स्फर’ म्हणत आले आहेत, दुसरी हा कराराचा वाद असतो. तक्रारीच्या पहिल्याच पत्रात या दोहोंची गल्लत झाली, की पुढचे कित्येक महिने चुकीच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहण्यात जातात.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार मुळातच चमत्कारिक वाटेल. मुंबई उपनगरांत टाटा की अदानी असा पर्याय असला, तरी बाकी राज्यात बहुतेक ठिकाणी लाइटबिल म्हणजे महावितरण, आणि ते परस्पर बदलण्याचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनमध्ये तारा आणि खांब एका कंपनीचे असतात, वीज विकणारी कंपनी दुसरी असते, आणि विकणारी कंपनी बदलल्याने दिवा क्षणभरही मिणमिणत नाही. मीटर तेच, फ्यूज तोच, तारांची देखभाल करणारी माणसेही तीच. बदल होतो तो केवळ एका मध्यवर्ती नोंदवहीत, आणि जुलै २०२२ मध्ये नवी यंत्रणा सुरू झाल्यापासून तो पाच कामकाजाच्या दिवसांत होऊ शकतो. जुन्या कंपनीला हरकत घेण्यासाठी एक-दोन कामकाजाचे दिवसच मिळतात. चालू मुदतीचा करार असेल तर ती सहसा हरकत घेते. म्हणून ज्या सभागृहाचा करार संपून गेला आहे आणि ज्याच्या नूतनीकरणाकडे कोणी पाहिलेले नाही, ते सभागृह अशा प्रकारांना सर्वांत आधी सापडते.

लंडनच्या डॉलिस हिल भागात महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. परंतु परदेशातील बहुतेक मराठी मंडळे गणपती आणि दिवाळीसाठी भाड्याच्या सभागृहांवरच अवलंबून असतात. त्यांतील काही सभासद त्या सभागृहांच्या व्यवस्थापन समित्यांवरही काम करतात. अशाच एका समितीचा मी काही वर्षे खजिनदार होतो, आणि योगायोग असा की वर उल्लेखिलेले दोन्ही प्रकार आमच्या वाट्याला एकामागून एक आले.

पहिला प्रकार आधी पाहू. आमचे सभागृह एका दुकानाच्या मागच्या बाजूला आहे आणि दोघांचा पत्ता जवळजवळ एकच, फक्त आमच्या क्रमांकापुढे ‘ए’ हे अक्षर. दुकानात नवीन केशकर्तनालय आले, त्यांनी आपल्या पसंतीची वीजकंपनी निवडली, आणि त्या कंपनीच्या कारकुनाने पत्त्यांच्या यादीतून त्यांच्याऐवजी आमची ओळ निवडली. ब्रिटनमध्ये प्रत्येक वीजजोडणीला तेरा अंकी क्रमांक असतो, त्याला एमपॅन म्हणतात. त्यातील पहिले दोन अंक विभाग सांगतात, लंडनसाठी १२, आणि शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेला पडताळणीचा अंक असतो. त्यामुळे टंकताना एखादा अंक चुकला तर संगणक तो बहुधा तिथेच अडवतो. अनुभव असा, की चूक अंकांत होत नाही, पत्त्यात होते: ‘मागील बाजू’, ‘पहिला मजला’, ‘चर्चशेजारी’ अशा शब्दांत राहणारी सामाजिक सभागृहे यादीत एकतर दोनदा असतात किंवा भलत्याच नावाने असतात. आमच्याकडे आलेले स्वागतपत्र केशकर्तनालयाच्या मालकाच्या नावाचे होते, आणि तेच आमच्या बाजूचे सर्वांत भक्कम कागदपत्र ठरले.

या प्रकारात कोणाचा दोष हे सिद्ध करण्याची गरज नसते, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. करार आहे, पण तो दुसऱ्याचा आहे. आपल्याला कोणताही करार रद्द करायचा नसून चुकीची नोंद उलटवून घ्यायची असते. जुन्या किंवा नव्या, कोणत्याही एका कंपनीला कळवले तरी चालते, कारण दोघींनी आपापसांत बोलून मीटर परत करण्याची ठरलेली पद्धत आहे. पत्रात तेरा अंकी क्रमांक, मीटरवर प्रत्यक्ष छापलेला अनुक्रमांक, त्या दिवशीच्या वाचनाचे छायाचित्र आणि ‘आम्ही आपल्याशी कोणताही करार केलेला नाही’ हे एक वाक्य एवढे पुरते. घरगुती ग्राहकांसाठी अशी सनद आहे की पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी पोच मिळावी आणि वीस कामकाजाच्या दिवसांत निकाल कळावा. सभागृह हे घरगुती ग्राहक नसल्याने त्याने तिच्याकडे हक्क म्हणून नव्हे, तर मोजपट्टी म्हणून बोट दाखवावे. एकाच युनिटचे पैसे दोन कंपन्यांना द्यावे लागू नयेत, एवढे मात्र ठामपणे मागावे. आमचे मीटर महिन्याभरात परत आले, आणि त्या महिन्यात आम्ही ज्या ज्या फोनवर ‘फसवणूक’ म्हणालो, त्या त्या फोनवर आम्हाला भलत्याच विभागाकडे पाठवण्यात आले.

दुसरा प्रकार पुढच्या वर्षी घडला, आणि तो पहिल्याइतका निरागस नव्हता. या वेळचे पत्र आमच्याच संस्थेच्या नावाने होते, तीन वर्षांच्या मुदतीचे होते, आणि त्यात ‘आपल्या प्रतिनिधीशी झालेल्या संभाषणानुसार’ असे शब्द होते. आम्ही पुन्हा ‘चुकून झालेली बदली’ म्हणून कळवले. कंपनीने चार दिवसांत उत्तर दिले, की ही चूक नव्हे, आपल्या संमतीचे ध्वनिमुद्रण आमच्याजवळ आहे.

येथे दलालांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ब्रिटनमधील व्यावसायिक वीजकरारांत मध्यस्थ ब्रोकरांचा सुळसुळाट आहे, आणि त्यांचे कमिशन बहुधा प्रत्येक युनिटच्या दरात मिसळलेले असते; करार जितका लांब, तितकी त्यांची कमाई अधिक. ते दोन वाटांनी होकार मिळवतात. एक वाट ‘लेटर ऑफ ऑथॉरिटी’ची, म्हणजे अधिकारपत्राची: ‘दर विचारण्यापुरती’ म्हणून सही घेतलेल्या या कागदात काही वेळा करार करण्याचाही अधिकार लिहिलेला असतो, आणि सही करणारा सचिव दुसरे पान वाचत नाही. दुसरी वाट फोनची. इंग्लंडच्या कायद्यात असा करार तोंडीही होऊ शकतो, म्हणून ब्रोकर आधी मोकळ्या गप्पा मारतो आणि मग ‘आता एक छोटीशी औपचारिकता’ म्हणून ध्वनिमुद्रित प्रश्नावली वाचून दाखवतो.

आमच्या ध्वनिमुद्रणात आमचे एक ज्येष्ठ स्वयंसेवक होते. ते मंगळवारी सकाळी सभागृह उघडायला जातात, खुर्च्या मांडतात आणि फोन वाजला तर उचलतात. ते ध्वनिमुद्रण मी तीनदा ऐकले. ब्रोकर एका दमात दर, मुदत आणि अटी वाचत जातो, आणि काका प्रत्येक वाक्यानंतर ‘यस, यस’ म्हणतात. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगायला नको: फोनवर पलीकडचा बोलत असताना आपण ‘हो, हो’ किंवा ‘हं’ म्हणतो ते ‘मला मान्य आहे’ म्हणून नव्हे, तर ‘मी ऐकतोय, बोला’ म्हणून. काकांनी आयुष्यभराची ती सवय इंग्रजीत नेली होती, आणि कागदावर मात्र त्या हुंकारांचे अकरा होकार झाले होते. शेवटी ब्रोकर विचारतो, ‘आपल्याला संस्थेच्या वतीने करार करण्याचा अधिकार आहे ना?’ त्यावरही उत्तर तेच.

या शेवटच्या प्रश्नाशीच सगळा वाद येऊन थांबतो, आणि येथे कायदा सर्वसाधारण समजुतीपेक्षा बारीक आहे. ‘मला अधिकार आहे’ असे एखाद्याने स्वतःच सांगितल्याने त्याला अधिकार प्राप्त होत नाही. संस्थेने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने त्याला अधिकारी म्हणून पुढे केलेले असावे लागते. त्याची दुसरी बाजू अशी, की संस्थेने ज्याला सचिव म्हणून नेमले, ज्याचे नाव वीजखात्यावर संपर्क म्हणून दिले, त्याच्याबाबतीत ‘आमच्या घटनेनुसार दोन विश्वस्तांच्या सह्या लागतात’ हा बचाव लंगडा पडतो, कारण तो आतला नियम समोरच्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. आमचे काका खात्यावर कुठेच नव्हते, कोणत्याही पदावर नव्हते, आणि आमच्या उत्तराचा कणा एवढाच होता. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली: ध्वनिमुद्रणाची मागणी समितीने केली तर कंपनी टाळाटाळ करू शकते, पण ज्याचा आवाज त्यात आहे त्याने स्वतः, माहिती-संरक्षणाच्या कायद्याखाली, स्वतःविषयीची नोंद म्हणून ती मागितली तर सर्वसाधारणपणे महिन्याभरात आणि विनामूल्य द्यावी लागते. काकांनी आपल्या सहीने तसे पत्र दिले तेव्हा ती आमच्या हाती आली.

घरगुती ग्राहकाला फोनवर केलेला करार चौदा दिवसांत मोडण्याचा हक्क असतो. सभागृह व्यावसायिक ग्राहकांत मोडत असल्याने त्याला तो नाही, आणि अनेक समित्या या गैरसमजात आपले पहिले दोन आठवडे निर्धास्तपणे घालवतात. तथापि लहान संस्था अगदीच उघड्यावर नाहीत. दहापेक्षा कमी कर्मचारी आणि ठरावीक मर्यादेतील उलाढाल, किंवा वर्षाला एक लाख युनिटांपेक्षा अधिक नसलेला वीजवापर, असे असेल तर नियामक ऑफजेमच्या लेखी ती संस्था ‘मायक्रोबिझनेस’ ठरते, मग ती धर्मादाय का असेना. डिसेंबर २०२२ पासून अशा ग्राहकांसाठी वीजकंपन्यांना केवळ तक्रारनिवारण योजनेत नोंदलेल्या ब्रोकरांबरोबरच काम करता येते, त्यामुळे कंपनीविरुद्ध एक आणि ब्रोकरविरुद्ध दुसरी अशा दोन तक्रारी समांतर चालवता येतात, आणि चालवाव्यातच. कंपनीने आठ आठवड्यांत तोडगा काढला नाही किंवा ‘आमचे अंतिम उत्तर’ असे पत्र दिले, तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वीजग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येते; त्यांचा निर्णय आपण स्वीकारला तर कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर मात्र तो लादला जात नाही.

दोन्ही प्रकारांत घातक ठरणारी चूक एकच आहे आणि ती सद्भावनेनेच होते. घाबरलेली समिती जुन्या कंपनीला फोन करते, ती म्हणते, ‘आम्ही आपल्याला पुन्हा घेऊ, येथे सही करा’, आणि समिती सही करते. त्या सहीने नोंद उलटत नाही, नवा करार होतो, बहुधा पूर्वीपेक्षा महाग दराने. पहिल्या प्रकारात जुना दर जसाच्या तसा परत मागण्याची आपली बाजू त्यामुळे कमकुवत होते. दुसऱ्या प्रकारात नवी कंपनी मुदतीचा करार दाखवून हरकत घेते आणि आपण दोन करारांच्या मध्ये अडकतो. पैशांबाबतही भेद लक्षात ठेवावा लागतो. पहिल्या प्रकारात आलेले बिल दुसऱ्याच्या नावाचे असते, ते न भरता परत पाठवावे. दुसऱ्या प्रकारात मुकाट्याने बिले भरत राहिल्यास संस्थेने करार मागाहून मान्य केला असा अर्थ निघू शकतो, आणि मुळीच न भरल्यास पुरवठा तोडण्याची नोटीस येऊ शकते. म्हणून वापरलेल्या युनिटांचे पैसे ‘करार मान्य नसल्याची हरकत कायम ठेवून’ असे लेखी कळवूनच भरणे, हा मला तरी एकमेव शहाणपणाचा मार्ग वाटतो. नोंदणीकृत कंपनी किंवा तत्सम स्वरूप नसलेल्या संस्थांत विश्वस्त करारांना व्यक्तिशः जबाबदार धरले जाऊ शकतात, हे आमच्या समितीला वकिलाने सांगितले तेव्हा इतिवृत्तात प्रथमच सर्वांच्या उपस्थितीची नोंद झाली.

आमचा दुसरा वाद सातव्या आठवड्यात मिटला. कंपनीने मुदतीआधी करार सोडण्याचे शुल्क न घेता आम्हाला मोकळे केले, चूक मात्र मान्य केली नाही. जुन्या कंपनीकडे परतल्यावर पहिले बिल आले आणि ते अपेक्षेपेक्षा बरेच जास्त होते. दर बरोबर होता, युनिट बरोबर होते. वेळ लागला तो पुढे शोधायला: धर्मादाय वापरासाठी व्हॅट २० ऐवजी ५ टक्के लागतो, पण त्यासाठीचे प्रमाणपत्र प्रत्येक पुरवठादाराला, प्रत्येक खात्यासाठी द्यावे लागते. आम्ही परतलो ते नव्या खाते क्रमांकाने, आणि आमचे जुने प्रमाणपत्र जुन्या खात्याबरोबर बंद झाले होते. ते पुन्हा भरून पाठवले, फरक पुढच्या बिलात वळता झाला, आणि सभागृहातील फोनशेजारी आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘विजेबद्दल फोन आल्यास, खजिनदार नाहीत एवढेच सांगावे.’ काका ते शब्दशः पाळतात, मी समोर बसलेलो असलो तरीसुद्धा.